हातोडीवाला फोटो

महाल, नागपूर

माझी हुशार कुमुद,

सगळ्यात आधी स्थळ घेऊन सिंधूताई आली, मंग पोराची माय, अन् मागून पान चघळत पोराचा मामा. तुले पाहाले आले होते वं! तू अमरावतीच्या होस्टेलात इंजिनीयरिंगची परीक्षा देऊन राहिली, हे माहीत असून. पोरगी नाही तं फोटो दाखवा म्हणे. मी हरखून तुझा वर्कशॉपमधला फोटो आणला, हातोडी धरलेला. अख्ख्या वर्गात एकटीच मुलगी आहे, हे सांगताना मले हसू आवरेना. मनात म्हटलं, हा फोटो पाहून पळतीलच.

पण पोराची माय खूश झाली. "हातोडी उचलते तं पाटा-वरवंटाही ओढन. पसंत आहे. कॉलेज मात्र आता पुरे."

मी म्हटलं, "बाई, दोनच वर्षं राहिली. आमची पोरगी पूल बांधन."

मामा म्हणे, "आमच्या दारापुढं नाली आहे आजी, तिच्यावर बांधू द्या."

सगळे हसले. तुझा बापही हसला, अन् त्यांले हो म्हणून बसला. शनिवारी पेपर संपला की तो तुले घ्याले येऊन राहिला. आजी लय बिमार आहे, असं सांगन. मी ठणठणीत आहे वं. येऊ नको.

पण माझ्या पाकिटावर पत्ता तुझा बापच लिहिते, आधी पत्र वाचूनही पाहते. म्हणून हे पत्र उशीखालीच ठेवते.

ते लोक रविवारी अंगठी घेऊन साक्षगंधाले येतो म्हणून गेले.

तुझीच,
आजी