कापलेलं उपरणं

रा. रा. वामनराव मॅनेजरसाहेब यांस,

जयवंताची रोजी वाढवावी म्हणून हे पत्र मी पाचव्यांदा लिहीत आहे. आपल्या मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनात ती फाटकावर उभी असते. काड्यापेट्या काढून घेते, बायांना पदर खोचायला लावते, सैल कपड्यानं कुणाला चालत्या पट्ट्याजवळ जाऊ देत नाही. अशी नजर इंजिनवाल्याचीही नाही. तिला रोजी मात्र झाडूवालीची. मी तोंडी विनंती केली तेव्हा आपण म्हणालात, "तिनं असं केलं काय? तीन हंगामांत काही घडलंच नाही."

घडलं होतं. पौषात हजेरी घ्यायला मी आत निघालो, तेव्हा तिनं अडवलं. "बाबू, उपरनं ठेवून जा." मी कारकून, मजुरासारखा उघड्या गळ्यानं कशाला जाऊ? तसाच गेलो. पट्ट्यानं उपरण्याचं टोक ओढलं आणि गळ्याला फास बसला. ओरडताही येईना. ती माझ्या मागोमाग आलीच होती. कमरेला खोचलेल्या विळ्यानं एका झटक्यात तिनं उपरणं कापलं, मला पाणी पाजलं. "कोनाले सांगनार नाई मी," म्हणाली.

उपरणं कशानं फाटलं, असं आपण विचारलंत. लाजेपोटी मी जयवंताचं नाव सांगितलं. आपण तिची आठवड्याची रोजी कापलीत. तेव्हाही तिनं मला दिलेला शब्द मोडला नाही.

चारही वेळा इथवर येऊन मी पत्र फाडलं.

रोज सकाळी ती माझ्या उघड्या गळ्याकडे बघते आणि म्हणते, "जा बाबू, बराबर हाय."

आपला,
चिंतामण, हजेरी कारकून