दोन मिनिटांची बादली

बाबा,

आज वर्गात एका मुलीनं पाउंडाचे किलो करताना भागायच्या जागी गुणलं आणि मी तिच्यावर ओरडले नाही. मुली चकितच झाल्या. आमच्या तंत्रनिकेतनात माझा ओरडा प्रसिद्ध आहे. तासाला इतके पाउंड वाफ तर मिनिटाला किती किलो, एवढं साधं कुणाला जमलं नाही की मी फळा दणाणून सोडते. आज मात्र खडू हातात धरून उभी राहिले. डोळ्यांसमोर पवनीच्या घरातलं स्वयंपाकघराचं दार आलं, आणि दारावर मीच कोळशानं लिहिलेला चाळीसचा आकडा. घरी आले ती थेट हे लिहायलाच बसले.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचं साल असेल. धान वाफवून उसना तांदूळ काढणाऱ्या मिलमध्ये तुम्ही बॉयलरवर होता. दाखला असलेले म्हातारे मिस्त्री काम सोडून गेले, आणि मालकानं सांगितलं की बॉयलर चालवायचा सरकारी दाखला आणा, नाहीतर दाखलेवाला माणूस आणतो. दाखल्याची परीक्षा नागपूरला, तोंडी. तुम्ही चौथी शिकलेले, मी नववीत, वर्गात पहिली, आणि त्या पहिल्या नंबरची मिजास अशी की विचारू नका. बॉयलरच्या पितळी पाटीवर तासाला अकराशे पाउंड वाफ असं कोरलेलं होतं. साहेब हे किलोत विचारणार, मिनिटाला किती तेही विचारणार, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. मी चुलीपुढे बसून पाटीवर मांडलं: एका किलोत दोन पूर्णांक दोन दशांश पाउंड, म्हणून अकराशेला दोन पूर्णांक दोन दशांशानं गुणा, मग साठनं भागा. उत्तर चाळीस किलो. तुम्ही पाटी हातात घेतलीत.

"इतकं पानी पेते का हा?" तुम्ही म्हणालात. "लाइन जाऊन पंप बंद पडला का मी हातानं बॉयलरची टाकी भरतो. दोन मिन्टाले एक बादली टाकली तं पानी जागच्या जागी राह्यते."

मी फणकारले. "बाबा, तुमच्या बादलीवर परीक्षा होत नाही. पुस्तकात असंच आहे."

"बरं बाई," तुम्ही म्हणालात. "तू शिकून राह्यली, तुले जास्त समजते." आणि महिनाभर बॉयलरच्या भट्टीसाठी भुसा ओढता ओढता, जेवता जेवता, तुम्ही माझं चाळीस घोकलंत.

तुम्ही पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेलात, त्याच दिवशी शाळेत आरोग्य तपासणी होती. वजनाच्या काट्यावर दोन रांगांत आकडे होते, वर किलो, खाली पाउंड. मी उभी राहिले. वर पस्तीस, खाली सत्त्याहत्तर. डॉक्टरीणबाई "उतर" म्हणत होत्या आणि मी उतरत नव्हते. किलो कमी, पाउंड जास्त. म्हणजे भागायचं होतं. तासाला पाचशे किलो, मिनिटाला आठाच्या थोडं वर, दोन मिनिटांत सोळा-सतरा किलो पाणी. तुमची एक बादली! तुमच्या हातांना जे ठाऊक होतं ते मी माझ्या शहाणपणानं खोडून काढलं होतं, आणि एसटी एव्हाना नागपूरला पोचली होती.

दिवेलागणीला तुम्ही परत येता. आई चुलीवर भात ठेवते आहे, मी लाकडं सारते आहे, तुमच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नाही. "नाई झालं," तुम्ही म्हणता. "साह्यबापुढं भेलो. आकडाच मनातून निघून गेला."

"काहून भेले?" आई म्हणते. "महिनाभर तं घोकून राह्यले होते."

तुम्ही पिशवीतून नवीकोरी कंपासपेटी काढून माझ्या हातात ठेवता. पास झालो तर आणीन म्हणाला होतात, ती. मग हात धुता, फडकं ओलं करता आणि जेवायला बसायच्या आधी दारावरचं चाळीस पुसून टाकता. मी लाकडं सारत राहते.

मालकानं दाखलेवाला आणला. तुमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान पोरगा, तो तुम्हाला "ए" म्हणायचा. वर्षभर तुम्ही त्याच्या हाताखाली भुसा ओढलात. भुवयांत राख घेऊन घरी यायचात आणि मला विचारायचात, अभ्यास झाला का? दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी तुम्ही पुन्हा माझी पाटी पुढे ओढलीत. "पह्यल्यापासून सांग बरं." मी मान खाली घालून मांडलं. या वेळी भागलं. आठाच्या थोडं वर आलं. वाटलं, आता तुम्ही विचारणार, मागच्या वेळेस गुणलं होतं ना?

"हां," तुम्ही म्हणालात. "असंच सांगतलं होतं तुनं. मीच उलटं धरलं."

तुम्ही पास झालात. साहेबापुढं तुम्ही खरंच आकडा विसरलात असं मी कित्येक वर्षं धरून चालले, कारण ते सोयीचं होतं. विसरणारा माणूस आल्या आल्या दार पुसत नाही, हे कळायला मला फार उशीर लागला. तोवर तुम्ही नव्हतात. चूक माझी होती हे तुम्हाला एकदा, नुसतं एकदा, सांगायला हवं होतं. फार वाटतं.

हे पत्र कंपासपेटीत ठेवते. दुसरी जागा नाही त्याला. आणि एक सांगायचं राहिलं. दरवर्षी बादली आणि घड्याळ घेऊन मी मुलींना नळापाशी नेते, आधी हातानं मोजा मग मांडा म्हणते, आणि बापाला उलटं शिकवणाऱ्या एका पोरीची गोष्ट सांगते. "कोण होती ती, मॅडम?" मुली विचारतात. "आमच्या शेजारी राहायची," मी म्हणते. आजही तेच म्हणाले. बाबा, आपल्या शेजारी कुणीच राहत नव्हतं. तिथं मिलच्या भुशाचा ढीग होता.