नवरदेवाची गाडी अडीच इंच खाली

३ एप्रिल
ठरलं. सत्तावीसला भाचा दिपेश स्वतःच्या लग्नाला माझ्याच गाडीतून जाणार. मामाचा मान आहे. पुतळाताईचा दीर सयाजी आपली नवी, टेम्पोएवढी उंच गाडी पुढे करतोय. करू दे. माझी सतरा वर्षांची असली तरी घरची आहे. दिपेश नऊ वर्षांचा होता तेव्हापासून तिच्या मागच्या सीटवर झोपलाय. फक्त लुक हवा. गाडी खाली बसवली की लुक येतो. नमिता म्हणते, धुऊन घ्या, सीट कव्हरं बदला, पुरे. तिला यातलं काही कळत नाही. मलाही परवाच कळलं.

५ एप्रिल
कोपरखैरण्याला सुगतचं गॅरेज. सत्तावीसला नवरदेव न्यायचाय, असं सांगितलं. नवे शॉकअप, बुटक्या स्प्रिंगा. सुगत म्हणाला, काका, एक इंच खाली घ्या, बस झालं. आणि रिकामी गाडी बघून खूश होऊ नका, माणसं बसवून बघा. मी अडीच इंच सांगितले. मेकॅनिक लोक जरा भित्रेच असतात.

९ एप्रिल, संध्या. ६
गाडी आली. काय दिसते! दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी. सोसायटीच्या गेटवर खालून खर्रर्र झालं. गेटचा दोष. नमिता उतरताना म्हणाली, पाटावरून उठल्यासारखं वाटतं, हात द्या. दिला. लग्नानंतर एवढा घट्ट हात धरला नव्हता.

१२ एप्रिल
संकल्प: स्पीडब्रेकर टाळणे. नेरूळ ते ऐरोली ऑफिस, बिनब्रेकरचा रस्ता शोधला. दीड तास. नवी मुंबई केवढी मोठी आहे, लोकांना कल्पना नाही. लेटमार्क.

१७ एप्रिल
गेटचा ब्रेकर कमी करावा, असा अर्ज दिला. सेक्रेटरी इंद्रजित म्हणाले, त्यापेक्षा अख्खी सोसायटीच वर उचलू का? म्हणजे विषय त्यांच्या डोक्यात आहे.

२१ एप्रिल
फायनल ट्रायल. कोपरखैरणे गावातल्या ताईच्या घरापासून ऐरोलीच्या हॉलपर्यंत. देवळापुढचा ब्रेकर तेवढा धोक्याचा. गाडी तिरकी घातली, अलगद पार. बोटभर जागा उरली! गाडीत मी एकटाच, त्यामुळे शाबासकी द्यायला कोणी नव्हतं.

२६ एप्रिल, हळदीला निघताना
ताईचा फोन. नवरदेवाबरोबर मागे दोन करवल्या आणि पुढे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या जाईबाई. जाईबाई अंगाने चांगल्या भरलेल्या. ताई म्हणाली, सगली मावतीन ना रं? म्हटलं, टेन्शन घेऊ नको.

२७ एप्रिल
लिहावंसं वाटत नाही.
देवळापुढे गाडी तिरकी घातली. बोटभर जागा जाईबाईंनीच घेतली होती. गाडी ब्रेकरवर पोट टेकून बसली. पुढे ना मागे. पाठीमागे सयाजी हॉर्न मारतोय, त्याच्यामागे वऱ्हाडाची बस. करवल्या उतरल्या. जाईबाई उतरल्या आणि रस्त्यातच धवला जोडला: नवरा निंगाला लग्नाला, न मामाची गारी बसली वाटंला. बसमधल्या बायकांनी उचलून धरला.
दिपेश शेरवानीत धक्का मारत होता. फेटा कानावर आलेला. म्हणाला, मामा, टेन्शन नको घेऊ. आणि सयाजीच्या गाडीत चढला. मला फार वाईट वाटलं.
सगळे बाजूने काढून गेल्यावर मीही उतरलो, तर गाडी एका धक्क्यात सुटली. एकटाच हॉलवर पोचलो, तर मंगलाष्टकं खोळंबलेली. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय दिपेश अंतरपाटासमोर यायला तयार नव्हता. तिथे मात्र रडलो. नमिताला सांगितलं, अक्षता डोळ्यांत गेल्या. ती म्हणाली, अजून टाकल्या नाहीत.

३० एप्रिल
सुगतकडे गेलो. जुन्या स्प्रिंगा मिळतील का, विचारलं. त्याने फळीवरून काढल्या. तेल लावून, कापडात गुंडाळलेल्या. वर चिठ्ठी: नेरूळचे काका, २८ तारखेला येतील.
आज तीस आहे. दोन दिवस चुकला. मेकॅनिक लोकांचा अंदाज हा असाच.