रिकाम्या नाट्यगृहातल्या स्प्रिंगा

मंगळवार, ९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींनाही नमस्कार सांग. त्यांचा गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे.

आज सकाळी लवकर उठले. चहा केला. नेहमीच्या बसने प्रयोगशाळेत गेले, संध्याकाळी परत आले. येताना साबण आणि कांदे आणले. जेवते. झोप लागते. औषध घेते. तुझे नेहमीचे प्रश्न इथे संपले.

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं हं हं करते. त्यातून तुला काही कळत नाही आणि मला काही सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तू लिहिलंयस की माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, शिवणयंत्र व्हरांड्यात हलवलंस, भिंतीला फिकट पिवळा रंग दिलास, आणि आता मी कायमची राहायला कधी येते ती तारीख तेवढी हवी आहे. कळवते. त्याआधी एक गंमत सांगते.

सध्या माझ्याकडे एक नाट्यगृह आलं आहे. म्हणजे त्याच्या खुर्च्यांतल्या स्प्रिंगा तपासायला आल्या आहेत. माणूस उठलं की बैठक आपोआप वर जाते ना, ती ओढून धरणारी स्प्रिंग. नाट्यगृह समुद्राला लागून आहे. खाऱ्या हवेने जुन्या स्प्रिंगा गंजल्या आणि प्रेक्षकांच्या कपड्यांना तांबडे डाग पडायला लागले. म्हणून सगळ्या काढून जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या बसवल्या. चकचकीत. थोडे दिवस गेले आणि त्या तुटायला लागल्या. गंमत पुढेच आहे. कुणी बसल्यावर तुटत नाहीत. रिकाम्या नाट्यगृहात तुटतात. दुपारी झाडणाऱ्या बाई एकट्या रांगांमधून झाडत होत्या आणि मागे टण्ण! एक बैठक धपकन खाली आली, जसं कुणी येऊन बसावं. बाई झाडू तिथेच टाकून बाहेर. आता म्हणतात, सोबतीला माणूस द्या, नाहीतर ज्याला नाटक बघायला एवढी घाई आहे त्यालाच झाडायला सांगा.

काल सगळी मंडळी आमच्याकडे आली होती. नाट्यगृहाचे व्यवस्थापक, खुर्च्या बनवणारे आणि मुलामा देणारे प्लेटिंगवाले. तिघे एका बाकावर बसले होते, पण मध्ये दोन-दोन माणसांची जागा सोडून.

व्यवस्थापक म्हणाले, "गंजक्या होत्या तेव्हा वर्षानुवर्षं टिकल्या. तुम्ही दागिन्यासारख्या करून दिल्यात आणि लगेच गेल्या!"

"तार खराब असणार," प्लेटिंगवाले म्हणाले.

"तार खराब?" खुर्चीवाले उसळले. "त्याच तारेच्या बिनमुलाम्याच्या स्प्रिंगा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खुर्च्यांत आहेत. एक तुटलेली दाखवा, मी ती गळ्यात घालून फिरतो."

"मग समुद्राची हवा असेल."

"समुद्र काय नव्या स्प्रिंगा बघून आला का?"

शेवटी व्यवस्थापक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही काहीच बोलत नाही."

"बघून सांगते," मी म्हटलं.

एवढंच. तुला माहीत आहे मी कशी आहे ते. मास्तर असते तर त्यांनी तिघांना चहा पाजून, फळ्यावर गणित मांडून, हसवून पाठवलं असतं. आपल्या घरात माझ्या नवऱ्याला मास्तर म्हणायला तूच सुरुवात केलीस, आणि मग मीही तेच म्हणायला लागले. आता त्यांना जाऊन तीन महिने होतील. तरी असं काही घडलं की वाटतं, घरी गेल्यावर सांगायला मिळालं.

तारखेचं बघते. बाकी सर्व ठीक.

तुझी,
घुमी


रविवार, २८ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आज सुट्टी. सकाळी चादरी धुतल्या, गच्चीवर वाळत टाकल्या. गॅसची शेगडी पुसली. शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना सांगितलं की आज माझा स्वयंपाक झाला आहे. त्यांना ते खरं वाटलं नाही. आत येऊन झाकण उघडून बघून गेल्या.

तुझं कार्ड मिळालं. "स्प्रिंगांचं पुराण वाचलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर कितव्या अध्यायात आहे?" भावोजींनी मात्र खाली बारीक अक्षरात विचारलंय, "भूत निघालं का?" आधी त्यांना उत्तर देते, कारण ते सोपं आहे.

भूत नाही. गंजही नाही. गंजाने तुटली असती तर तुटलेल्या जागी तांबूस डाग आणि खड्डे दिसले असते. सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग अगदी स्वच्छ होता, साखरेचा खडा फोडल्यावर दिसतो तसा, कणाकणांत सुटलेला. कडक पोलाद असं सुटलं की आम्ही लोक आधी हायड्रोजनचा संशय घेतो.

भावोजींसाठी सोपं करून लिहिते. मुलामा देण्याआधी स्प्रिंग आम्लात बुडवून साफ करतात, मग जस्ताच्या टाकीत सोडतात. या दोन्ही वेळी थोडा हायड्रोजन पोलादात शिरतो. साध्या खिळ्याला त्याचं काही वाटत नाही, पण स्प्रिंगेचं पोलाद फार कडक असतं, त्याला सोसत नाही. वरून जस्ताचा थर बसला की हायड्रोजनला बाहेर पडायलाही अवघड जातं. म्हणून टाकीतून काढल्यावर काही तासांच्या आत स्प्रिंगा भट्टीत घालून बराच वेळ तापवायच्या असतात. म्हणजे तो निघून जातो. नाही निघाला, तर जिथे ताण आहे तिथे जमत राहतो. बैठक वर उचललेली असली तरी स्प्रिंग ताणलेलीच असते. ती धरून ठेवते, धरून ठेवते, आणि एखाद्या दुपारी, कुणी हातही लावलेला नसताना, तुटते. ज्या थराने तिला वाचवायचं, त्याच्याच पायी.

तेव्हा मी प्लेटिंगवाल्यांकडे गेले. मला वाटलं होतं भट्टीच नसेल. तसं विचारल्यावर त्यांना फार राग आला.

"भट्टी नाही? या, हात लावून बघा. नको, भाजेल."

भट्टी होती. चांगली होती, तापमानही बरोबर होतं. दाराजवळ मात्र स्प्रिंगांचे ट्रे एकावर एक रचलेले होते.

"या कधीच्या?"

"कालच्या. भट्टी भरली की लावू. अर्धी भट्टी लावायची म्हणजे अर्धी रिकामी बस सोडण्यासारखं आहे."

"म्हणजे एक दिवस थांबतात?"

"कधी एक, कधी दोन. पण म्हणून तर मी त्यांना ठरल्यापेक्षा जास्त वेळ तापवतो! मॅडम, मी कामात कमी करणारा माणूस नाही. उशीर झाला तर भरपाई देतो."

त्यांना समजावणं जड गेलं. माणूस प्रामाणिक होता आणि खरोखरच जास्तच करत होता. मी म्हटलं, "थांबण्याच्या वेळात आत बारीक चिरा पडायला लागतात. नंतर कितीही तापवलं तरी चिरा जुळून येत नाहीत."

ते ट्रेकडे बघत राहिले. "म्हणजे इतके दिवस मी तडकलेल्या स्प्रिंगा शेकत बसलो होतो?"

"सगळ्या नाही. काही."

"बरं आहे. निदान त्यांना थंडी तरी वाजली नाही."

मला हसू आलं. ताई, मास्तर गेल्यानंतर मी पहिल्यांदाच अशी हसले असेन.

त्यांची बायको तिथेच एका टेबलावर नटबोल्ट पिशव्यांत भरत बसली होती. तिने चहा आणला. म्हणाली, "घरी कोण कोण असतं, मॅडम?"

मी म्हटलं, "मी आणि मास्तर."

मग म्हटलं, "नाही. मी."

आणि ताई, मला रडू आलं. हातात चहाचा कप, समोर आम्लाच्या टाक्या, आणि थांबेचना. प्लेटिंगवाले धावत आले. त्यांना वाटलं हे त्यांच्यामुळेच. "मॅडम, आजपासून भट्टी एका ट्रेसाठी लावतो! एका स्प्रिंगेसाठी लावतो! पण तुम्ही रडू नका!"

बायको त्यांच्यावर खेकसली, "तुमच्या स्प्रिंगांसाठी कोण रडतंय? जा तिकडे!"

ते गेले. ती पुन्हा पिशव्या भरायला बसली. काही विचारलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही, पाणी आणलं नाही. थोड्या वेळाने मीही एक पिशवी ओढली आणि नट मोजायला लागले. रडणं चालूच होतं, मोजणंही चालू होतं. माझी पिशवी तिने पुन्हा मोजली. चुकली होती.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. एवढा वेळ तिथे यायचं टाळत होते हे तू ओळखलंच असशील.

मास्तर गेले तेव्हा मी रडले नाही. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतीस, "आमची घुमी खंबीर आहे." मी खंबीर नव्हते. मला काही कळतच नव्हतं. त्याच दिवसांत तू म्हणालीस, माझ्याकडेच राहायला ये, नोकरी सोड, नाहीतरी निवृत्ती जवळच आली आहे. मी हो म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होते. कुणी विचारलं असतं, गच्चीवरच्या टाकीत राहतेस का, तरी हो म्हटलं असतं.

ताई, मी राहायला येत नाही.

हे वाक्य लिहून मी उठले, घरभर फिरून आले. वाक्य तसंच आहे.

तुझं काही चुकलं नाही. तू आलीस, मग माझी लेक आली, ती गेल्यावर शेजारच्या वहिनी. प्रत्येकाने मला जपलं. कुणी मला एक दिवसही या घरात एकटीला ठेवलं नाही, आणि मीही राहिले नाही. तुझ्याकडे आले तर तू मला आणखी जपशील. सकाळी उठायच्या आधी चहा हातात देशील. मी गप्प बसले की विचारशील, काय झालं. मी म्हणेन, काही नाही. आणि आपण दोघी ते खरं मानू. मला ते नको आहे. मास्तर या घरात होते, आणि ते इथून गेले आहेत हे मला इथेच राहून कळून घ्यायचं आहे. रडू आलं तर रडेन. कुणी धावत येऊ नये.

मास्तरांनी स्प्रिंगांवरून माझ्यावर एक छोटं भाषण ठोकलं असतं. मला ते येत नाही. धातूचं माणसाला लावायची मला सवय नाही, माणसांचे नमुने घासून तपासता येत नाहीत.

रागावशील. तुझा राग मला माहीत आहे. आधी फोन ठेवशील, मग भावोजींना ओरडशील, ज्यांचा यात काही संबंध नाही. त्यांना माझ्या वतीने सॉरी म्हण. शिवणयंत्र परत खोलीत घे, व्हरांड्यात त्याला हवा लागून गंज चढेल, सुईच्या दांड्याला तेल दे. खोलीचा पिवळा रंग मला बघायचा आहे. उन्हाळ्यात पंधरा दिवस येईन, पाहुणी म्हणून. मला भांडी घासू द्यायचीस ही अट.

भावोजींसाठी शेवटचं: आम्ही प्रयोगशाळेत दोन प्रकारच्या स्प्रिंगा वजन लावून टांगून ठेवल्या. लगेच भट्टीत घातलेल्या अजून शाबूत आहेत. उशिरा घातलेल्यांतली एक परवा टण्ण करून गेली आणि आमच्या शिपायाने डबा खाली टाकला. नाट्यगृहातल्या सगळ्या बदलून देताहेत. झाडणाऱ्या बाई कामावर आल्या, पण सोबतीची मागणी त्यांनी मागे घेतलेली नाही. म्हणतात, गप्पांची सवय लागली.

ऊन कलायला लागलं आहे. गच्चीवर जाऊन चादरी काढून आणायच्या आहेत. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात असा माझा समज होता. मधोमध हनुवटीखाली धरली की एकटीलाही जमते. कडा थोड्या वाकड्या येतात.

इथूनच,
तुझी घुमी