व्याह्यांचं तिकीट

चांदा, माघ, शनिवार संध्याकाळ

शांते, वार टाकलास? काल विसरलीस. नातीचं डोकं आजीपेक्षा म्हातारं!

लिही माझ्या वहीत. उद्या चांदा-वरोऱ्याची फुटबॉलची फायनल. वरोऱ्याचे व्याही तिकीट मागायला आले. त्यांचाच पोरगा, आपला जावई, गोलात उभा राहणार. तिकिटं माझ्या पोराजवळ, किसनाजवळ. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आधी वरोरा हारनार म्हना, मंग देतो." म्हातारा टोपी काढून तसं ओरडला. टोपी काऊन काढली असेल? पहिली मीच हसले. मग किसना म्हणाला, "तिकिटं तं सकाळीच सरली, भाऊ!"

लेक रडली, "आई, मले त्याच घरी जा लागते ना!"

"जा, सामना झाल्यावर," मी म्हणाले.

टोपी हातातच धरून गेले व्याही. तेवढं मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या आम्ही आत, ते कुंपणाबाहेर. सुनेले सांग, त्यांना वडा-भात पाठव. तिखट जास्त घाल.