सोळा वेळा थेंब

रविवार, ९ मार्च

प्रिय मिस्त्री,

‘चिरंजीव’ लिहावं की ‘श्रीयुत’, यात दोन कागद फाडले. शेवटी हाक मारायचो तेच लिहिलं. लेकीचा आणि तुमचा काडीमोड होऊन दीड वर्ष झालं, पण घटस्फोटाच्या कागदावर ‘सासऱ्याने पत्र लिहू नये’ असं कलम मला तरी दिसलं नाही. इकडे सगळं ठीक. हिचे गुडघे कुरकुरतात, आणि मी कुरकुरतो असं हिचं म्हणणं. तुमची तब्येत कशी आहे?

बातमी अशी की गिटार झाली.

होय, तीच. मागच्या खोलीत आपण दोघांनी सुरू केलेली, तुमच्या जन्माच्या किती तरी आधीच्या मॉडेलची हुबेहूब नक्कल. तुम्ही गेल्यावर चार महिने मी तिच्यावर चादर टाकून ठेवली होती. मग एकदा धूळ झटकायला म्हणून चादर काढली आणि बसलोच. तुमचा नियम मोडला नाही हं. त्या साली जे होतं तेच. वायर कापडी वेष्टणाचीच. स्क्रू सरळ खाचेचेच, त्यासाठी भंगारवाल्याकडे तीन खेपा घातल्या. तो मला आता ‘स्क्रूवाले काका’ म्हणतो. लॅकर जुन्या पद्धतीचं, पातळ, बारा हात. वासाने हिने मला आठवडाभर घरात घेतलं नाही.

आणि तुम्ही घडवलेली ती मान! अहो, मी वाजवणारा नाही, तरी हात गुंडाळला की अंगठा आपोआप जागेवर बसतो. एका अखंड लाकडातून रंध्याने काढलेली, कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. चाळीस वर्षं कारखान्यात भले भले कारागीर पाहिले, असा हात पाहिला नाही. तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

आता मुद्द्यावर येतो. मघापासून स्क्रूंच्या गप्पा मारतोय, कारण मुद्दा जड आहे.

पिकअप. तारांखाली बसून आवाज उचलणारी ती चिमुकली कॉइल. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही ती हाताच्या ड्रिलवर भरली होती. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने केसाहून बारीक तार सोडायची. पट्टी निघाल्यावर मी ती पाहिली आणि काय म्हणालो? “ही वाइंडिंग आहे की घरटं?” जन्मभर ट्रान्सफॉर्मर भरलेला माणूस मी. थरावर थर, वेढ्याला वेढा लागून. तुमची कॉइल डब्यात टाकली आणि मशीनवर माझी भरली. काउंटर लावून, आठ हजार वेढे, एकसारखे.

गेल्या महिन्यात माझी बसवली. लेकीला तुम्ही शिकवलेले दोन-चार सूर येतात, ते तिने वाजवले. आवाज स्वच्छ होता, पण कोंडलेला, तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा. हट्टाने तीनदा खोललं, तीनदा जोडलं. शेवटी नाइलाजाने डब्यातली तुमची काढून बसवली. तिला सांगितलं नव्हतं. तिने एकदा तारा छेडल्या आणि हिने स्वयंपाकघरात चालू ठेवलेला नळ बंद केला. लेक म्हणाली, “बाबा, ही राहू द्या. आधीची टाकून द्या.” वेड्यावाकड्या वेढ्यांमध्ये हवा खेळते म्हणून असेल. शास्त्र मला नीटसं कळलेलं नाही, कान मात्र फसले नाहीत. त्या जुन्या गिटारींच्या कॉइलीही हातानेच भरलेल्या असत, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं.

पण मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. कॉइल ज्या कागदात गुंडाळली होती, तो मी उलगडला. दर शंभर वेढ्यांना पेन्सिलीची एक रेघ. ऐंशी रेघा. आणि मध्ये मध्ये तुमच्या अक्षरात ‘थेंब’. मला वाटलं, लॅकरचा थेंब. मग उजेड पडला. दर दोन तासांनी माझ्या डोळ्यात औषध घालायचं होतं. ही बहिणीकडे, लेक ऑफिसात, तुम्ही रजा काढून घरी. मी पलंगावरून “काय घरघर लावलीय” म्हणून ओरडत होतो आणि तुम्ही उठून, हात धुऊन, थेंब घालून, पुन्हा जाऊन तीच तार धरत होतात. दोन दिवसांत सोळा वेळा. तार एकदाही तुटली नाही. माझी मशीनवर तीनदा तुटली.

आणि तुम्ही सामान न्यायला आलात, तेव्हा दारात मी म्हणालो होतो, “ज्याला एक कॉइल धड भरता येत नाही, तो संसार काय करणार?” तुम्ही वाकून बुटाची लेस बांधलीत आणि गेलात.

मिस्त्री, ते वाक्य मी मागे घेतो. खोटं होतं ते. तुमचं आणि लेकीचं काय बिनसलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक, त्यात मी नाक खुपसत नाही. पण तुमच्या चिकाटीवर बोलायची माझी लायकी नव्हती. माफ करा मला. हे लेकीला सांगितलं, तर तिने त्याच कागदाच्या पाठीमागे तुमचा पत्ता लिहून दिला.

गिटार तुमची आहे. फक्त सोल्डरिंगचा एक टाका मी मुद्दाम बाकी ठेवलाय. तारा जिथे टेकतात त्या ब्रिजला जाणारी अर्थिंगची वायर नुसती चिमट्याने धरलीय. चिमटा काढला की भुणभुण सुरू होते. तो टाका तुमच्या हातचा हवा.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन १७ तारखेला, सोमवारी आहे. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. थेंब घालायला घरात माणसं आहेत. फक्त त्यांचे निम्मे गालावर पडतात.

सोल्डरिंगचं आयर्न तापवून ठेवतो. या.

तुमचा
बाबा
(हा शब्द चालत नसेल तर खोडा. पण या.)