स्वाराला फळीचं काय कौतुक

९ जुलै, बुधवार. बुथा-बुथे
लेरेकोचा फोन. जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा, वरच्या घाटातल्या स्की-रिसॉर्टला माणूस हवाय. गावोगावच्या शाळकरी मुलांना स्नोबोर्ड शिकवायची योजना आहे, तिचा प्रमुख. माणूस इथलाच हवा. लेरेको त्यांच्या जोहान्सबर्गच्या ऑफिसात आहे, माझं नाव त्यानेच पुढे केलं. शाळेपासूनची दोस्ती, त्यात उपकार कसले. अट एकच: मोठ्या उतारावरून फळीवर उभं राहून, न पडता खाली यायचं. रविवारी साहेब बघणार. हातात तीन दिवस. मला दोन पुरतील.

सोळा वर्षं भूगोल शिकवतोय. शिवाय पाचव्या वर्षापासून घोड्यावर. उतार म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये.

राजीनाम्याची वाक्यं तयार केली. एक हेडमास्तरांना चांगलंच झोंबेल.

१० जुलै, गुरुवार
वर पोचलो. सोबत लेरेको आणि पुसेलेत्सो. ती राजधानीत, मासेरूला नर्स, आमच्याच वर्गातली. दोघांनीही फळीवर कधी पाय ठेवलेला नाही. त्यांची काळजी वाटते.

लेरेको म्हणाला, मास्तर, घोंगडं काढ, इथे जॅकेट भाड्याने मिळतं. मी म्हटलं, माझे आजोबा हेच पांघरून अख्खा डोंगर उतरायचे. जॅकेट तुम्हा शहरवाल्यांना लखलाभ.

शिकवायला लिम्फो. आधी ओळखलं नाही. मग ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या तासाला दांडी मारून खताच्या पोत्यावर बसून शाळेमागचा उतार घसरायची. तीनदा सापडली. मीच तिचं नाव शाळेतून काढायला लावलं. आता लाल जॅकेट, गळ्यात शिट्टी. मला न्ताते, म्हणजे आदराने बाबा म्हणाली, वाकून दोन्ही हातांनी हात मिळवला. मनात काही ठेवलेलं दिसत नाही. ठेवायचं कशाला? या धंद्याला तिला मीच लावलं म्हणायचं.

दिवसभरात अकरा वेळा पडलो. त्यातलं चार वेळा पडणं नव्हे, बसणं होतं.

११ जुलै, शुक्रवार
लिम्फोचं एकच पालुपद. न्ताते, मागे रेलू नका, वजन पुढच्या पायावर टाका. आता काय बोलावं. उतारावर मागे रेलायचं हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी कळतं. पुढे झुकणारा स्वार घोड्याच्या मानेवरून सरळ दरीत. हे तिला नीट समजावलं. तर म्हणते, न्ताते, घोड्याला डोळे असतात, फळीला नसतात, तिला तुम्हीच न्यायचंय. उलट उत्तरं द्यायची खोड तेव्हाही होती.

बर्फ खोटा आहे, हेही लिहून ठेवतो. रात्री यंत्राने मारतात. खऱ्या बर्फाची गोष्ट वेगळी.

पुसेलेत्सो छोटा उतार तीनदा उतरली. लेरेकोही उतरला. लिम्फो सांगेल ते दोघं निमूट करतात. स्वतःची अक्कल म्हणून नाही.

१२ जुलै, शनिवार
लिफ्टच्या दोरीत घोंगड्याचं टोक अडकलं. घोंगडं खांद्याला मोठ्या पिनेने लावलेलं, त्यामुळे त्याच्यामागून मीही. अर्धा उतार पाठीवर वर गेलो. लिफ्ट थांबवावी लागली. रांगेतल्या लोकांनी व्हिडिओ काढले. पुसेलेत्सो म्हणाली, मास्तर, आजोबा चढायचेही असेच का? लेरेको हसून हसून खाली बसला. हे मित्र.

संध्याकाळी लिम्फो खोलीवर आली. म्हणाली, उद्या सकाळी सहाला या, कुणी नसतं, फक्त तुम्हाला शिकवते. बघू म्हटलं. मी शाळेतून काढलेल्या मुलीकडून मी चोरून शिकवणी घ्यायची? तंत्र डोक्यात पक्कं आहे. झोप महत्त्वाची.

१३ जुलै, रविवार. सकाळी ७
खिडकीतून दिसली. साडेसहापर्यंत एकटी उभी होती. या लोकांना गारठ्याची सवय असते.

दुपारी २
सुरुवात उत्तम. साधारण सहा मीटर. मग फळी पळायला लागली आणि मी मागे रेललो. आपोआप. बाकीचा उतार पाठीवर. साहेबांच्या बुटांपाशी थांबलो. म्हणाले, वेग चांगला होता. ही एक जमेची बाजू.

मग लेरेको आणि पुसेलेत्सो, उभे, हसत, खाली आले. साहेबांनी विचारलं, यांना तीन दिवसांत कोणी तयार केलं. लिम्फोने हात वर केला. मग साहेब तिच्याशीच बोलत राहिले. माझे पाय अजून फळीला बांधलेलेच होते. कुणी सोडवेल म्हणून वाट पाहिली, मग स्वतःच सोडवले.

२२ जुलै, मंगळवार
लेरेकोचा फोन. जागा लिम्फोला. तिचं शालेय शिक्षण अपुरं आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, साहेबांनीही विचारलं होतं, शाळा का सुटली. तिने सांगितलं, घरची अडचण होती.

तिच्या घरी काही अडचण नव्हती.

८ ऑगस्ट, शुक्रवार
गेल्या आठवड्यात रिसॉर्टचं पत्र आलं. दर शुक्रवारी वीस मुलं पाठवा. शुक्रवारी माझे तास, म्हणून संमती माझी हवी. आधी नकार लिहिला. अभ्यासाचं नुकसान, थंडी, घाटातला रस्ता. छान अर्धं पान झालं. दोनदा वाचलं आणि फाडून टाकलं.

मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

पत्राच्या तळाशी लिम्फोने हाताने लिहिलं होतं, न्ताते, मुलांसोबत तुम्हीही या, सकाळी मी लवकरच असते.

सही केली. आज सहाच्याही आधी उठलो. बसच्या दारापर्यंत गेलो. आतल्या मुलांनी सरकून माझ्यासाठी जागा केली. मी दारातूनच हजेरी घेतली आणि ड्रायव्हरला म्हटलं, निघा.